गॅरेजचं दार ही भिंत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिशिगनमध्ये नोवायला घर घेतलंय, घराला जोडून दोन गाड्यांचं गॅरेज. दार १६ बाय ७ फुटांचं, एकेरी पत्र्याचं. कोपऱ्यात टेबल सॉ आणि सुतारकामाचं बाक मांडलंय, पण नोव्हेंबर सरता सरता काम बंद पडतं. दाराला आतून इन्सुलेशन लावलं तर १५०० वॅटच्या हीटरवर हिवाळा निघेल का? आणि फॉइलचा बुडबुड्यांचा रोल पुरेल, की जाड थर्माकोलच लावावा?

मी याच भागात बावीस वर्षं राहतोय. नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, शनिवार-रविवार भुशात. दोन घरांची मिळून तीन दारं मी स्वतः केली आहेत, त्यातलं पहिलं पार चुकलं होतं. ते पुढे सांगतोच.

आधी हीटरचा हिशेब. दाराचं क्षेत्रफळ ११२ चौरस फूट. बाहेर १० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे १२ सेल्सिअस, आणि आत तुम्हाला ५० फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस हवंय असं धरा. फरक ४० अंशांचा. कोऱ्या पत्र्याच्या दाराचा आर, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद मोजणारा आकडा, जेमतेम १. तोसुद्धा पत्र्याचा नव्हे, पत्र्याच्या दोन्ही अंगांना चिकटून राहिलेल्या हवेच्या थराचा. क्षेत्रफळ गुणिले फरक भागिले आर केलं की ताशी ४४८० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) येतात, सुमारे १३०० वॅट. म्हणजे तुमचा हीटर पूर्ण ताकदीनं चालला तरी त्यातला बहुतेक भाग एकटं दार खातंय. तुम्ही गॅरेज तापवत नाही, समोरचा रस्ता तापवताय. मी मूळचा निफाडचा. आमच्याकडे पारा चार-पाचवर उतरला की लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. उघड्या रानात त्याला इलाज नसतो, इथे आहे.

आता त्याच दाराचा आर १ चा ४ केला तर नुकसान १३०० वॅटवरून ३३० वर येतं. ४ चा ८ केला तर १६५ वर. ८ चा १६ केला तर ८०. पहिल्या उडीत जवळजवळ हजार वॅट वाचले, दुसरीत १६५, तिसरीत ऐंशीच. म्हणून नव्या दारांच्या जाहिरातीत आर-१८ वाचून हुरळून जाऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा फोम भरलेल्या भागाच्या मधोमध मोजलेला किंवा हिशेबानं काढलेला असतो. कडा, जोड, खिडक्या आणि चौकटीभोवतीच्या फटी त्यात धरलेल्या नसतात. घरी लावलेल्या आर-८ च्या किटचंही तेच. दाराच्या उभ्या पोलादी पट्ट्या उघड्याच राहतात आणि त्यांतून उष्णता सरळ बाहेर जाते. हातात आर-४ पडला तरी मी समाधानी असतो, वरचे आकडे पाहिलेत तर तुम्हीही व्हाल.

पण दाराला हात लावण्याआधी मान वर करून छत बघा. गॅरेजच्या छताला नुसतं ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड) आणि वर मोकळा माळा, अशी घरं इथे ढिगानं आहेत. २२ बाय २२ फुटांचं असं छत त्याच थंडीत २८०० वॅट घालवतं, दाराच्या दुपटीहून जास्त. माळ्यावर सेल्युलोज (कागदाचा भुगा) फुंकून आर-३८ केलं की तेच दीडशे वॅटवर येतं. भिंतींच्या आत काही भरलंय का, हे स्विचच्या डब्याच्या कडेनं डोकावून कळतं (आधी ब्रेकर बंद करा). छत उघडं असेल तर दाराचं काम पुढच्या वर्षी करा. सगळे दारापासून सुरुवात करतात, कारण ते डोळ्यांसमोर असतं आणि किट दुकानात समोरच मांडलेली असते.

छत झालेलं आहे असं धरून पुढे जाऊ. दारात पहिला शत्रू पत्रा नव्हे, फट. दाराचा घेर ४६ फूट. भोवती सगळीकडे फक्त एक अष्टमांश इंच फट असली तरी तिची बेरीज ६९ चौरस इंच होते, म्हणजे भिंतीला पाडलेलं वीतभर लांब-वीतभर रुंद भोक. त्यातून मिनिटाला १०० घनफूट वारा आला तर तो वरच्या हिशेबातल्या अख्ख्या कोऱ्या दाराइतकीच ऊब नेतो. भर दुपारी आतले दिवे बंद करून पाच मिनिटं उभे राहा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून वारा येतो. मग वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावून कडेकडेनं फिरवा, धूर जिथे आडवा होईल तिथे खडूनं खूण करा. माझ्या आईनं पहिल्यांदा मला असं करताना पाहिलं तेव्हा तिला वाटलं, नव्या दाराची पूजा चाललीय.

खालचं रबर नखानं दाबून पाहा. इथल्या थंडीत व्हिनाइल दगडासारखं कडक होतं, ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मऊ राहतं. थोडे पैसे जास्त गेले तरी ईपीडीएमच घ्या. दाराच्या खालच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेतून जुनं रबर सरकवून काढायचं आणि नवं सरकवायचं. साबणाचं पाणी लावलं आणि दुसरं माणूस मदतीला असलं की अर्ध्या तासाचं काम. खाचा किती आणि रबराचा काठ कसल्या आकाराचा, हे विकत घेण्याआधी बघा. काँक्रीट एका बाजूला खचलेलं असेल तर रबर कितीही चांगलं असलं तरी तिथे बोटभर जागा उरते, तिथे जमिनीला चिकटवायचा रबरी उंबरा लावा. बाजूंना आणि वर, बाहेरच्या अंगानं, लवचिक ओठ असलेली पट्टी येते. दार बंद करून ती दाराला हलकेच टेकेल अशी ठोकायची. दाबून ठोकली तर दार घासत जातं आणि थंडीत ओपनर (दार उघडमिट करणारी मोटर) मधेच थांबून उलटा फिरतो. वितळलेलं बर्फाचं पाणी रात्री खालच्या रबरापाशी गोठतं आणि सकाळी रबर जमिनीला चिकटून फाटतं. रबरावर सिलिकॉनचा फवारा मारून ठेवला तर ते वाचतं. ग्रीस लावू नका.

एवढं केलं की आठवडाभर थांबा आणि गॅरेजमध्ये काम करून पाहा. दोघा-तिघा मित्रांनी इथेच थांबायचं ठरवलं आणि त्यांचं बरोबर होतं.

आता इन्सुलेशन आणि माझी चूक. पहिल्या घरात मी दाराला आतून थर्माकोल लावला आणि तो दिसायला वाईट, शिवाय फळ्यांचे धक्के लागून फुटतो, म्हणून त्यावर पाव इंची प्लायवूड स्क्रूनं ठोकला. काम इतकं देखणं झालं की शेजारी बघायला आले. दाराचं वजन मात्र ऐंशीएक पौंडांनी वाढलं. ओपनर कुरकुरायला लागला, मी साखळीला तेल दिलं. मग त्याच्या आतलं नायलॉनचं दातेरी चाक झिजून भुगा झालं, मी ते बदललं. फेब्रुवारीतल्या एका पहाटे घरात बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज आला. दारावरची स्प्रिंग तुटली होती. गाडी आत, बाहेर उणे वीस, आणि दोन माणसांनाही दार उचलवेना.

तेव्हा कळलं की गॅरेजचं दार ही भिंत नाही, ते यंत्र आहे. दाराच्या वर आडव्या दांड्यावर जी पिळाची स्प्रिंग असते ती दाराच्या नेमक्या वजनाला जोखून लावलेली असते. एकेरी पत्र्याचं १६ फुटी दार सव्वाशे-दीडशे पौंडांचं, पण स्प्रिंग ते बहुतेक सगळं तोलून धरते आणि तुमच्या हाताला चार-पाच पौंडच लागतात. ओपनर वजन उचलायला नसतोच, तोललेलं दार ढकलायला असतो. तुम्ही दारावर जे काही चिकटवता ते तोलात धरलेलं नसतं. भिंतीवर इन्सुलेशन लावताना वजनाचा विचार कोणी करत नाही, इथे सगळ्यात आधी तोच करायचा.

दीड इंच जाडीचं ११२ चौरस फूट म्हणजे १४ घनफूट. साधा पांढरा थर्माकोल घनफुटाला एक पौंडाच्या आसपास, म्हणजे १४ पौंड. गुलाबी किंवा निळा एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलचाच दाट भाऊ, बावीसेक पौंड. दोन्ही बाजूंना फॉइल असलेला पॉलिआयसो नावाचा फोम अठ्ठावीसच्या पुढेमागे. अर्धा इंची ड्रायवॉल? पावणेदोनशे पौंड, तो विषयच नको.

इंचामागे आर बघितला तर पांढरा थर्माकोल चारच्या जरा खाली, एक्सपीएस पाच, पॉलिआयसो सहाच्या आसपास. कागदावर पॉलिआयसो जिंकतो. पण हा आकडा ७५ फॅरनहाइटला मोजलेला असतो आणि पॉलिआयसोचा आर थंडीत घसरतो, थर्माकोल आणि एक्सपीएसचा उलट थोडा सुधारतो. आपल्याला इन्सुलेशन हवंच आहे ते उणे पंधराला. म्हणून माझी निवड एक्सपीएस किंवा चक्क पांढरा थर्माकोल. फायबरग्लासच्या विनाइल लावलेल्या गाद्यांची किट हलकी आणि लावायला सोपी, पण दाराच्या उभ्या पट्ट्यांमधल्या खाचेत दाबून बसवली की जाडी कमी होते आणि तेवढा आर जातो. शिवाय टेबल सॉशेजारी फाटलेली फायबरग्लासची गादी मला नको.

बुडबुड्यांच्या फॉइलबद्दल विचारलंत. त्या रोलचा स्वतःचा आर एकच्या आसपास. फॉइलचा खरा उपयोग समोर पाऊणएक इंच बंद हवा असेल आणि फॉइल चकचकीत असेल तरच होतो. वर्कशॉपमध्ये दोन आठवड्यांत त्यावर भुशाचा थर बसतो आणि आरसा संपतो. अॅरिझोनात उन्हाच्या दारावर त्याला काही अर्थ आहे. मिशिगनच्या सुतारकामाला नाही.

कापणी सोपी आहे. चार बाय आठ फुटांच्या चार शीट पुरतात. दाराचे चार आडवे भाग प्रत्येकी २१ इंच उंच, म्हणजे एका शीटमधून आठ फुटी दोन पट्ट्या निघतात. सरळ पट्टी आणि लांब पात्याचा कटर वापरा, एका घावात आरपार जाऊ नका, तीन घाव घ्या. दर वर्षी गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापणारे हात इथे कामाला येतात (महाराष्ट्रात २०१८ पासून मखराच्या थर्माकोलवर बंदी आली, इथल्या कित्येक मंडळांत अजून तोच चालतो). तुकडा खाचेपेक्षा पाव इंच लांब ठेवायचा, मधे हलका वाकवून उभ्या पट्ट्यांच्या ओठाखाली दोन्ही टोकं सरकवायची आणि सोडायचा. गोंद जवळजवळ लागतच नाही. लावलाच तर फोमला चालणारा घ्या. मखरावर ऑइल पेंट मारून ज्यांनी ते वितळताना पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको.

दोन भागांच्या जोडावरून काहीही सलग नेऊ नका. वळणावर दार तिथेच दुमडतं. बिजागऱ्या, रोलर आणि आडवी पोलादी पट्टी मोकळी ठेवा, फोम वरच्या दांड्याला आणि स्प्रिंगला घासत नाही ना ते हातानं दार हळू उचलून बघा. खालच्या दोन कोपऱ्यांतल्या पट्ट्यांना पोलादी दोर बांधलेले असतात आणि त्यांवर स्प्रिंगचा सगळा ताण असतो. त्यांचे स्क्रू फोम नीट बसवायच्या नादात सैल करू नका, हाताची बोटं जातात.

कडा फॉइलच्या चिकटपट्टीनं बंद करा, आळस करू नका. फोम लावल्यावर पत्रा आधीपेक्षाही गार होतो. आतली दमट हवा कडेनं मागे शिरली की तिथे दव धरतं, गोठतं, आणि मार्चमध्ये दाराच्या खालून गंजाचं पाणी ओघळतं. प्रोपेनचा बिनचिमणीचा हीटर वापरणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच: एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ सोडतं. ती तुमच्या रंध्याच्या पात्यावर आणि टेबल सॉच्या बिडाच्या पृष्ठभागावर बसते. शिवाय फटी बुजवलेल्या बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका. माझ्या मते तो हीटर दाराबाहेरच ठेवा, आणि गॅरेज घराला जोडलेलं असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच.

फोम जळतो आणि काळा, विषारी धूर सोडतो. लोखंड घासून ठिणग्या उडवत असाल तर ते काम उघड्या फोमजवळ नको. उघडा फोम चालतो की वर आवरण लागतं, हे गावाच्या बिल्डिंग खात्याला फोन करून विचारा, ते नीट सांगतात.

काम झालं की तोल तपासा. दार बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून दार सोडवा आणि हातानं कमरेपर्यंत उचलून हळूच हात काढा. जागेवर राहिलं किंवा बोटभर सरकलं तर ठीक. धपकन खाली येत असेल तर स्प्रिंगला पिळ कमी पडतोय. ही तपासणी इन्सुलेशन लावण्याआधीही एकदा करा, म्हणजे दोष आधीचा की तुमचा ते कळतं. पिळ वाढवायचं काम माणूस बोलावून करून घ्या. मी घरातली वायरिंग करतो, गाडीचे ब्रेक बदलतो, या स्प्रिंगला हात लावत नाही. साधारण स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप होईल अशा हिशेबानं बनते. रोज चार वेळा दार उघडलं तर सात वर्षांत तिचं आयुष्य संपत येतं. तुमची तेवढी जुनी असेल तर नव्या वजनाला जोखून नवीच बसवून घ्या. मग दाराखाली एक टू-बाय-फोर आडवा ठेवून ओपनरनं दार खाली आणा, लाकडाला टेकताच ते उलटं फिरलं पाहिजे. वजन वाढलं म्हणून ओपनरचा जोर वाढवून ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे, लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच.

दार वीस वर्षांचं, पोचे आलेलं आणि भाग वाकलेले असतील तर हे सगळं सोडा आणि आत फोम भरलेलं दुहेरी पत्र्याचं नवं दार घ्या. त्याच्या वजनाची स्प्रिंग त्याच्याबरोबरच येते.

आणखी एक वाट आहे आणि आता दुसऱ्या घरात मी तीच वापरतो. डिसेंबर ते मार्च आमची एक गाडी बाहेरच असते आणि मोठं दार उघडायची गरज पडत नाही, बाजूला माणसाचं वेगळं दार आहे. मग दारावर काही लावायचंच कशाला? दोन इंची एक्सपीएसचे चार तक्ते वन-बाय-टूच्या चौकटीत बसवले, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर ते दाराच्या आत उभे करतो, फटींत फोमची दोरी कोंबतो आणि एप्रिलमध्ये काढून भिंतीला टेकवतो. स्प्रिंगवर एक पौंडही नाही. चार महिने ओपनरचा प्लग काढून ठेवायचा, म्हणजे कोणी चुकून बटण दाबत नाही. मात्र बाहेर पडायला दुसरं दार नसेल तर हा उद्योग करू नका.

तर तुमचा हीटर. फटी बंद, दार आर-४, छत आर-३८ आणि भिंती भरलेल्या असतील तर बाहेर शून्य सेल्सिअसच्या आसपास असताना १५०० वॅटवर आत १० अंश राहतील. डेट्रॉइट भागात जानेवारीतल्या बऱ्याच दुपारी अशाच असतात. उणे १२ ला तो कमी पडेल, माझ्या अंदाजानं तेव्हा अठराशे-दोन हजार वॅट लागतील. २०१९ च्या जानेवारीअखेर पारा उणे २५ च्या आसपास गेला तशा दिवशी तर घरात बसून चहा घ्यावा. नेमानं काम करायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून २४० व्होल्टची ३० अँपिअरची लाइन ओढून घ्या आणि ५००० वॅटचा हीटर छताला टांगा. कामाच्या तासभर आधी लावून भागत नाही, फरशी आणि बिडाची यंत्रं तापायला अर्धा दिवस लागतो. भुसा ओढणाऱ्या यंत्राचा पाइप बाहेर काढला असेल तर तो आत फिल्टरवर फिरवा, नाहीतर मिनिटाला पाचसहाशे घनफूट तापलेली हवा भुशाबरोबर अंगणात जाईल.

हे सगळं होईपर्यंत पिवळ्या गोंदाची बाटली रात्री घरात आणून ठेवा. १० अंशांच्या खाली तो जोडात खडूसारखा पांढरा पडतो आणि पकडत नाही. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्याही आणा, शून्याखाली त्या चार्ज करायच्या नसतात.